ओ देणारं रोप

आमच्या आत्यानं पुरावा पेरला. साधासुधा नव्हे, सुरक्षा आयोगानं सही-शिक्क्यानिशी आमच्या हवाली केलेला पुरावा. आणि पेरला तरी कुठं, तर देव्हाऱ्यासमोरच्या घटात, गव्हा-ज्वारीच्या मुठीत मिसळून.

मला कळलं तेव्हा तिसरी माळ होती. देव्हाऱ्यातली पितळी डबी पुसायला घेतली, सवयीनं कानाशी हलवली, तर आवाज येईना. उघडली. आत कापूस होता आणि कापसात दाण्याएवढा खळगा.

"आत्या, डबीतला दाणा कुठाय?"

आत्या वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दाणा व्हय? घटाला ज्वारी कमी पडली. टाकला त्यात."

"टाकला म्हणजे?"

"म्हणजे पेरला. दाणा पेरायचाच असतोय की."

 खरं तर मी घर डोक्यावर घ्यायला पाहिजे होतं. तोंडाची मी काही कमी नाही, गिरणीवर रांग मोडणाऱ्याला विचारा. पण समाधान गेल्यापासून माझं सगळंच बधिर झालंय. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं की गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं. मी डबी पुसली, जागेवर ठेवली आणि गिरणी उघडायला गेले.

आता नीट सांगते. मी मोहिनी इंगळे. मंगळवेढ्याच्या अलीकडं एका गावात आमची पिठाची गिरणी आहे, ती मी चालवते. मंगल आत्या माझी सासू. माझ्या वडिलांची ती सख्खी बहीण, म्हणजे मूळची आत्याच. लग्नाआधी मी तिला अगं-तुगं करायचे, डोक्यावर अक्षता पडल्या आणि अहो-जाहो सुरू झालं. माणूस तेच. समाधान तिचा एकुलता एक आणि माझा नवरा. नवनाथ माझा पाठचा भाऊ, म्हणजे तिचा भाचा. दोघं साले-मेहुणे माळावरच्या पवनचक्क्यांवर दुरुस्तीचं काम करायचे, जोडीनं.

उन्हाळ्यात एका दुपारी समाधान टॉवरवरून पडला. वर दोघंच होते. त्याच्या दोराचा हूक उघडा सापडला. तेव्हापासून कंपनीनं, गावानं आणि आमच्या घरानं एकच प्रश्न धरून ठेवला होता: नवनाथनं त्याला पाडला का?

प्रश्न हवेतून आला नव्हता. पडायच्या आधी थोडे दिवस नवनाथनं एसटी स्टँडवर, चार लोकांदेखत, समाधानची कॉलर धरली होती. का धरली ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. समाधाननंही नाही. लोकांनी आपापल्या मनानं कारणं लावली. कुणी मोटारसायकल म्हणालं, कुणी जमीन म्हणालं.

कारण मला ठाऊक होतं. समाधाननं मला गिरणीत थोबाडीत मारली होती. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, पण मारली. पट्ट्यात पोतं अडकलं, माझ्या तोंडून शब्द गेला, त्याचा हात उठला. संध्याकाळी नवनाथ दळण न्यायला आला आणि माझ्या गालाकडं बघून तसाच माघारी फिरला. आत्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मी कुठल्या तोंडानं कुणाला काय सांगणार?

म्हणून मला त्या दाण्याची भीती वाटत होती. नवनाथनं केलं असेल तर ते माझ्यासाठी केलं असणार. मग मी कुणाकडं बघून रडायचं, हे मला कळत नव्हतं. रडूही येत नव्हतं म्हणा. बायका म्हणायच्या, हिच्या डोळ्याला पाणी नाही. नव्हतंच.

दाण्याची गोष्ट सांगायची राहिली. हल्ली कुणाचाही आवाज कुणीही बनवतं. मेलेल्या माणसाच्या आवाजात फोन येतात, जिवंत माणूस न बोललेलं बोलतो. त्यामुळं आवाजाची साधी फाईल कुठलंच कोर्ट मानत नाही. अपघात झाला की हेल्मेटमधली चिप थेट सरकारी प्रयोगशाळेत जाते आणि तिच्यातली शेवटची काही मिनिटं ज्वारीच्या दाण्यात लिहिली जातात. दाण्यातच का? प्रत्येक जिवंत पेशीत एक धागा असतो आणि त्यावर चारच अक्षरांची लिपी असते. त्याच लिपीत आवाज लिहून तो दाण्याच्या कोंबातल्या धाग्यात गुंफतात. सुकलेला दाणा जिवंत असतो, नुसता झोपलेला. वीज लागत नाही, पाणी लागत नाही, डबीत घालून कुठंही न्या, वर्षानुवर्षं टिकतो. आणि त्यातलं अक्षर गुपचूप खोडून दुसरं लिहिणं कुणाला जमत नाही. लिहून झालं की चिप जाळून टाकतात.

असे दोन दाणे करतात. एक कंपनीला, एक घरच्यांना. वाचायचा तो सुनावणीत, दोन्ही बाजूंसमोर. वाचताना दाणा दळावा लागतो, त्यामुळं वाचन एकदाच. कंपनीच्या दाण्याला म्हणे बुरशी लागली. आमचा राहिला होता, तो देवीपुढं मातीत गेला. आणि सुनावणी अष्टमीला होती. त्या दिवशी दाणा समोर आला नाही तर कंपनीचा अहवाल खरा धरणार होते. अहवालात लिहिलं होतं, जोडीदारानं आकसानं दोर लागल्याची खोटी खूण केली. म्हणजे नवनाथवर खुनाचा खटला.

* * *

दुसऱ्या दिवशी गिरणीला कुलूप घालून मी सोलापूरच्या वाचन केंद्रात गेले. तिथल्या डॉक्टर फरझाना मुजावर आयोगाच्या अधिकृत वाचक. माझ्याच वयाच्या, चष्मा डोक्यावर आणि हातात चहाचा कप. मी सगळं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"घटात?"

"घटात."

"उगवलाय?"

"सगळंच उगवलंय. आमच्या आत्यांचा घट दाट येतो."

त्या हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मोहिनीताई, दाणा हरवला असता तर मी हात टेकले असते. पेरला, म्हणजे हरवला नाही. कोंबातली एक पेशी फुटली की दोन होतात, दोन्हींत तोच धागा. आता त्या रोपाच्या पानापानात तुमच्या मिस्टरांचा आवाज आहे. एका दाण्यात होता त्यापेक्षा किती तरी पट जास्त."

"पण रोप कुठलं? शे-दीडशे असतील. सगळी सारखीच पिवळी."

"शोधायचं कशाला?" त्यांनी कपाटातून जेवणाच्या डब्याएवढं यंत्र काढलं. "प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला एक छोटा तुकडा असतो, तिचं नाव म्हणा. त्या नावाला बरोबर चिकटेल असा जोडतुकडा आमच्याकडं असतो. सगळ्या रोपांची टोकं एकत्र कुटायची, त्यात तो जोडतुकडा सोडायचा. गव्हाला चिकटणार नाही, साध्या ज्वारीला चिकटणार नाही. ज्याचं नाव आहे त्यालाच चिकटणार आणि मग तेवढ्याच धाग्याच्या यंत्र प्रती काढत बसणार. पुढं त्या प्रती बारीक छिद्रांतून ओढल्या जातात. प्रत्येक अक्षर विजेला वेगवेगळं अडवतं, त्यावरून अक्षर कळतं." थांबून त्या म्हणाल्या, "गर्दीत नाव घेऊन हाक मारायची. ज्याचं असेल तो ओ देतो."

"म्हणजे रोप दळायचं नाही?"

"पानाचं नखभर टोक पुरे. रोप राहील."

"पण घट उठायच्या आत त्याला कुणी हात लावत नाही. हलवत तर नाहीच. आणि सुनावणी अष्टमीला सोलापुरात."

मुजावर मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि आयोगाचे नियम उघडले. बराच वेळ वाचत होत्या. मग म्हणाल्या, "विहीर, झाड, भिंत असा पुरावा हलवता येत नसेल तर वाचकानं तिथं जावं, असं कलम आहे. मी घट अचल पुरावा म्हणून लिहिते. कंपनीचा वकील बोंबलेल, बोंबलू दे. घटाला हात लावायचं मात्र तुमच्या सासूबाईंना पटवा. ते माझ्या कलमात बसत नाही."

* * *

पटवायला गेले तर आत्या ज्वारी निवडत बसल्या होत्या. या वर्षी घट बसवू नका, घरात दुःख आहे, असं भावकीनं सांगून पाहिलं होतं. आत्या म्हणाल्या होत्या, दुःख मला हाय, देवीचा कुळाचार का बुडवू? आणि बसवला.

मी मुजावर मॅडमचं सगळं बोलणं सांगितलं. आत्यांचे हात सुपात थांबले.

"रोप राहतंय म्हणली?"

"राहतंय."

"दळायचं न्हाई?"

"नाही."

त्यांनी सुपातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाल्या, "मला ठाऊक हुतं तो कसला दाणा हाय ते. ज्वारी काय मला कमी पडतीय?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी खाली बसले. "मग कशाला पेरलास, आत्या?" लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या तोंडून असं गेलं. आमच्या दोघींच्याही ते ध्यानात आलं नाही.

"तू गिरणीवाली. तुला दाणा म्हंजी पीठच दिसतंय. तू म्हणलीस, त्यात माझ्या पोराचा आवाज हाय. आन् तो ऐकायला दळायचा. आदी वरनं पडून मेला, आता दळून मारू व्हय त्याला? म्हणलं उगवू दे. निदान उगवंल तरी." सूप बाजूला सारून त्या म्हणाल्या, "आन् दळून निघणार काय? एक गेलाय. त्यातनं वंगाळ निघालं तर दुसरा बी जाईल. त्यो माझ्या भावाचा ल्योक हाय, मोहिनी. ह्याच पाटावर दोघं एका ताटात जेवलीत."

"मग त्याच्याशी बोलत का नाही तुम्ही? समाधान गेल्यापासून नवनाथला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही."

"बोलायला गेले की इचारावं लागतंय. इचारलं की ऐकावं लागतंय."

एवढं बोलून आत्या उठल्या. जाता जाता म्हणाल्या, "टोकं मी कापीन. अंघोळ करून, माझ्या हातानं. दुसऱ्या कुणी घटाला हात लावायचा न्हाई. देवीला मी सांगते काय सांगायचं ते. आन् त्यो आत यायचा न्हाई."

नवनाथ दुसऱ्या दिवशी गिरणीवर आला. गिरणी चालू असताना आला, म्हणजे बोलावं लागू नये. पाठीवर पोतं नव्हतं. दाराशी उभा राहून जात्यातून पडणाऱ्या पिठाकडं बघत होता. वाळून पार काटकुळा झाला होता. मी बटण बंद केलं. पट्टा फिरत फिरत थांबला.

"दाणा हाय का गेला?" त्यानं विचारलं.

"आहे. उगवलाय. अष्टमीला घरीच वाचणार."

"बरं झालं."

"नवनाथ, तू सांग ना काय झालं ते. मी त्यात ऐकण्यापेक्षा तुझ्याकडून ऐकते."

तो मान हलवत राहिला. "आयोगाला सांगितलं की. मी त्याला काय बोललो न्हाई."

"बोलला नाहीस हे उत्तर झालं का? लोक काय म्हणतात ते कळतंय का तुला? तू त्याला ढकललंस का? माझ्यासाठी?"

हे मी मोठ्यानं पहिल्यांदाच विचारलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, थेट गालाकडं बघितलं, जणू वळ अजून असावेत.

"त्याचं सांगायला गेलो की मागचं सगळं सांगावं लागंल," तो म्हणाला. "ते माझ्या तोंडानं न्हाई सांगायचो मी. गावात तर न्हाईच."

तो गेला. मी बटण दाबलं. दळण पूर्ण केलं, पीठ भरलं, डब्यावर नाव टाकलं. काम हाताला येत होतं, ते बरं होतं.

* * *

अष्टमीला सकाळी मुजावर मॅडम यंत्र घेऊन आल्या. चप्पल बाहेर काढली, पाय धुतले, कुणी न सांगता. कंपनीचे वकील रायबागकर त्यांच्या मागून आले. वय झालेलं, माणूस वाईट नसावा, पण बूट काढताना त्यांना भिंत धरावी लागली आणि त्यामुळं ते आधीच चिडले. आयोगाचा माणूस कॅमेरा लावून बसला. नवनाथ अंगणात लिंबाखाली उभा होता.

आत्या ओल्या केसांनी घटासमोर बसल्या. हात जोडले. देवीला काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. मग छोटी कात्री घेतली आणि एकेका रोपाचं टोक कापून वाटीत टाकू लागल्या. घाई केली नाही. उजव्या अंगाच्या एका रोपाशी त्यांचा हात रेंगाळला, तेवढं मी बघितलं. मग तेही टोक वाटीत पडलं.

मुजावर मॅडमनी ती टोकं एका नळीत घातली, कसलंसं पाणी टाकून कुटली, गरम केली आणि यंत्रात ठेवली. मग त्यांनी पडद्यावर समाधानच्या नोंदीचं नाव घातलं. यंत्र हळू गुणगुणायला लागलं. आम्ही सगळे त्या गुणगुणीकडं बघत बसलो. आत्यांनी सगळ्यांना चहा दिला. रायबागकरांनी बिनसाखरेचा मागितला.

कप विसळून ठेवेपर्यंत पडद्यावर हिरवी रेघ उमटली.

"ओ आली," मुजावर मॅडम माझ्याकडं बघून म्हणाल्या.

मग वारा ऐकू आला. टॉवरवरचा वारा वेगळा असतो, जाड. त्यात समाधानचा श्वास होता. तो मी ओळखला. कितीतरी वेळ नुसता श्वास, पान्याचा आवाज आणि मधूनच ठक-ठक. मुजावर मॅडमनी थांबवून विचारलं, "वरचं काम कसं असतं हे कुणी सांगेल का?"

नवनाथ लिंबाखालूनच बोलला. आवाज कोरडा होता. "वर पंख्यामागं पत्र्याची खोली असती. एकजण आत, एकजण तिच्या टपावर. टपावरच्याला दोन दोर. जागा बदलायची म्हंजी आधी आतल्यानं नवा दोर कडीत अडकवायचा. टपावरच्यानं इचारायचं, लागला का? आतल्यानं ओ द्यायची, लागला. मग त्यानं जुना हूक सोडायचा. ओ आल्याबिगर सोडायचा न्हाई."

"पुढं लावते," मॅडम म्हणाल्या.

वारा. समाधाननं काही विचारलं नाही. पत्र्यावर त्यानं ठोकलं, एकदा. वारा. मग ठक-ठक. मग हूक सुटल्याचा आवाज, दाराच्या कडीसारखा.

मग समाधानचा आवाज. ओरडला नाही. दचकून म्हणाला, "नव्या?"

आणि लगेच खालून, पत्र्याआडून, नवनाथ: "ओ. थांब थांब, लागला न्हाई अजून, लागला न्हाई."

मग नुसता वारा. मॅडमनी तिथंच बंद केलं. पुढचं कुणी ऐकायला मागितलं नाही.

आत्या घटाकडं बघत होत्या. त्यांचा हात जमिनीवर सपाट टेकलेला होता.

रायबागकर खाकरले. "ठक-ठक कुणी केलं?"

"टपाचा पत्रा ढिला हुता," नवनाथ म्हणाला. "वाऱ्यानं हलायचा. आधीपासनं वाजत हुता, ऐका की. दुरुस्तीला दोनदा सांगितलं हुतं कंपनीला. एकदा ठोकलं म्हंजी लागला का, दोनदा म्हंजी लागला; त्याला वाटलं मीच ठोकलं."

मॅडमनी मागं नेऊन लावलं. खरंच. समाधाननं ठोकायच्या कितीतरी आधीपासून, कुणी काही न विचारता, ठक-ठक, ठक-ठक वाजत होतं.

"पण मुळात ठोकायचं कशाला?" रायबागकर पुढं झुकले. "हेल्मेटमध्ये माइक आहे. नियम बोलण्याचा आहे. दोन अनुभवी माणसं, तोंड असून, पत्र्यावर ठोकून विचारतात? एक शब्द बोलले असते तर माणूस वाचला असता. का बोलला नाहीत, नवनाथ?"

नवनाथनं मान खाली घातली. आयोगाच्या माणसानं प्रश्न पुन्हा विचारला. नवनाथ पायानं लिंबाचा पाला सारत राहिला.

तेव्हा मला त्याचं गिरणीतलं बोलणं कळलं. मागचं सगळं सांगावं लागंल. महिनोन्महिने त्यानं खुनी म्हणवून घेतलं होतं, पण माझा गाल चव्हाट्यावर आणला नव्हता. आणि आता समोर आत्या बसल्या होत्या, लेकाचा आवाज नुकताच ऐकून. मी बोलले तर त्यांच्या समाधानची आठवण मैली होणार होती. नाही बोलले तर माझा भाऊ जाणार होता. एवढा साधा हिशोब होता, तरी जीभ उचलेना.

"अबोला होता," मी म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"दोघांचा अबोला होता. कॉलर धरल्यापासून. आमच्याकडं असाच धरतात, साहेब. एका ताटात जेवतील, एका गाडीवर जातील, पण बोलणार नाहीत. आधी कोण बोलेल त्याची हार. तो अबोला ते वर घेऊन गेले."

"आणि कॉलर का धरली?"

"समाधाननं मला मारलं होतं. थोबाडीत. म्हणून माझ्या भावानं त्याची कॉलर धरली. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, कारण माझी अब्रू जाईल. घ्या लिहून."

माझा आवाज सपाट होता, दळणाचा भाव सांगावा तसा. आत्यांकडं बघायचं धाडस झालं नाही.

आयोगाच्या माणसानं लिहून घेतलं. रायबागकरांनी आणखी काही विचारलं नाही. कागद गोळा करताना ते मुजावर मॅडमना हळूच म्हणाले, "पत्र्याच्या तक्रारीची नक्कल लागेल," आणि भिंत धरून बूट घातले. निकाल पुढं यायचा तो आला. नवनाथवरचा आरोप गेला, ढिल्या पत्र्यासाठी कंपनीला धरलं. पण आमच्या घरापुरता निकाल त्या सकाळीच लागला होता. समाधानला कुणी पाडलं नव्हतं. दोघांपैकी कुणीच आधी बोलायला तयार नव्हतं आणि शेवटी बोलला तो समाधान.

सगळे गेल्यावर आत्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या. मी कप पुसत होते, पुसलेलेच पुन्हा.

"मारलं हुतं व्हय?"

"एकदाच."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही त्याची आई."

"मी आदी तुझी आत्या हाय," त्या म्हणाल्या. "त्यो पोटात बी नव्हता तवापासनं इंगळ्यांच्या घरी मी भाची आणायची म्हणत हुते. मला सांगायला पायजे हुतंस. मी त्याला धरला असता की, माझा मी. नव्याला कॉलर धरायची येळच आली नसती."

त्या रडत होत्या. मी कप पुसत राहिले. मला रडू येत नव्हतं आणि त्याची लाज वाटत होती.

* * *

दसऱ्याला घट उठला. आत्यांनी आरती केली, रोपं मुळाशी कापली, देवाला वाहिली आणि बाकीचे तुरे ताटात ठेवले. आमच्याकडं घटाचे तुरे पुरुषांच्या टोपीत खोवतात. भावकीतली माणसं येत होती, टोपी पुढं करत होती, आत्या तुरा खोवत होत्या. कुठल्या टोपीत समाधान चालला ते कुणालाच माहीत नव्हतं. आत्यांनी मात्र उजव्या अंगाचा, हात रेंगाळला होता त्या रोपाचा, तुरा ताटात ठेवला नव्हता. तो पदराच्या टोकात होता.

नवनाथ आला होता, पण लिंबाखालीच थांबला. वडिलांची पांढरी टोपी घालून. अष्टमीला आत्यांनी सगळं ऐकलं होतं, तरी त्याला हाक मारली नव्हती आणि हाक न मारता आत यायचा तो नव्हता. दोघंही एकाच जातकुळीची. मला वाटलं, आता हा अबोला किती वर्षं चालणार, आणि कोण पडल्यावर संपणार.

गर्दी ओसरली. आत्या उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. पदराची गाठ सोडली.

"नव्या," त्यांनी हाक मारली.

नवनाथनं मान वर केली.  त्या नावानं त्याला शेवटची हाक कुणी मारली होती ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. त्यानं उगाच टोपी नीट केली.

"नव्या, ओ दे की रे," आत्या म्हणाल्या. "किती येळ हाका मारू?"

"ओ," तो म्हणाला. मग जरा मोठ्यानं, "ओ, आत्या."

"मग आत ये. असं ओ देऊन तिथंच उभं ऱ्हात्यात व्हय?"

तो उंबऱ्यापाशी आला आणि वाकला. आत्यांनी तो तुरा त्याच्या टोपीत खोवला. नीट बसेना, तर टोपी काढून पुन्हा खोवला. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिथंच ठेवून राहिल्या.

मी आत गेले. यंदा गोडधोड नव्हतं, भाकरी होती. पीठ मळलं, थापलं, तव्यावर टाकली. उलटताना बोट तव्याला टेकलं. चटका बसला आणि तो मला कळला, पार मनगटापर्यंत. "आई गं," मी म्हणाले आणि बोट तोंडात धरून तिथंच चुलीपुढं रडायला लागले.

"काय झालं गं?" बाहेरून दोघांनी एकदमच विचारलं.